आय रडली नव्हती

सरांनी माझी गोष्ट हातात घेतली, एक हात कमरेवर ठेवला आणि आवाज चिरका करून वाचायला लागले. वाशीतल्या एका हॉलमध्ये कथालेखनाची कार्यशाळा होती. पहिल्याच ओळीला हशा. मी सोडून सगळे हसले.

गोष्ट माझ्या आयची होती. आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे कोळी. आय बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती मोडली की दिवस वाया, असं आमच्या बायका मानतात. त्या सकाळी सोसायटीतली एक बाई आली, पापलेटाचे कल्ले उघडले, बोटं खुपसली आणि ‘शी, वास येतो’ म्हणत निघाली. आय ताडकन उठली.

"हात लावलास तं घेऊन जा! भवानीच्या टायमाला मच्छी चिवडून जातंस? दर्यान जालं काय तुजे बापानी टाकलंय?"

पुढच्या शिव्याही मी एकही न गाळता लिहिल्या होत्या.

सर पोटभर हसले. मग गंभीर झाले. "अनुभव जबरदस्त आहे, बाळ. भाषा तेवढी साफ करावी लागेल. मी करतो."

मला वाटलं, एवढे मोठे लेखक, त्यांना कळत असेल.

समारोपाच्या आदल्या दिवशी साफ केलेली गोष्ट मिळाली. तीच समारोपात वाचायची, तीच कार्यशाळेच्या कथासंग्रहात छापायची. तिच्यात बाई निघून जाते. आय पदराने डोळे पुसते आणि म्हणते, "देवा, माझ्या नशिबी हेच का?"

माझं डोकं सणकलं. आय रडली नव्हती! बाईला मागे फिरवून तेच पापलेट घ्यायला लावलं होतं तिने, अख्ख्या बाजारासमोर. ज्या तोंडाच्या जोरावर तिने आम्हाला वाढवलं, ते तोंड या माणसाने शिवून टाकलं. आणि वर नाव माझं.

सर म्हणाले, "उद्या लुगडं नेसून ये हं. केसांत वेणी माळ. फोटो छान येतील."

मी ऑफिसच्या कपड्यांत गेले. माईकवर माझी मूळ गोष्ट वाचली, आयच्या पट्टीत. शिव्या आल्या तशी मान वर केली आणि सरांकडे बघून एकेक दिली. सावकाश. कोणी हसलं नाही. फार बरं वाटलं मला.

"पुरे, बाळ," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांबा सर. तुमचं अजून बाकी हाय."

गोष्ट मी संग्रहातून काढून घेतली. आयोजक म्हणाले, अशाने तुला कोणी छापणार नाही. नका छापू. मी दिवाळ्यात चौकात उभी राहून वाचेन.

आता नवी गोष्ट लिहायला घेतली आहे. तिच्यात एक सर आहेत. त्यांचं एकही वाक्य मी साफ करणार नाही. आणि त्यांची ती सगळी गोष्ट माझी आय सांगणार आहे.