आंब्याचा खोडवा

मंडळींनो, आज तळेऱ्याला गावोगावच्या बायांना पीक सल्लागार करण्याच्या प्रशिक्षणाला गेले होते. अजून शिसारी जात नाही.

विषय होता आंब्याचं खत-पाणी. पडद्यावर लिहिलेलं, "मोहोरापूर्वी युरिया व भरपूर पाणी द्यावे. आंब्याचा खोडवाही चांगला येतो." खोडवा म्हणजे ऊस तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटतो तो. शिकवणाऱ्या साहेबांनी उसाचा धडा आणून नुसतं नाव बदललेलं.

मी विचारलं, "सर, आमचो हापूस बुंध्यातसून कापूचो काय?"

बाया हसल्या. सर म्हणाले, "मॅडम, परीक्षेत हेच लिहायचं. नाहीतर नापास."

घो गेल्यापासून घरची कलमं मीच राखते. मोहोराच्या तोंडावर युरिया आणि पाणी दिलं की नुसती पालवी फुटते, मोहोर येत नाही, हे मला ठाऊक. तरी परीक्षेत तेच लिहिलं. सगळ्यांनीच लिहिलं. पैकीच्या पैकी गुण, वर प्रमाणपत्र.

घरी आले तर शेजारची शेवंती कुंपणाशी उभी. "गो वैनी, शिकान इलंस मा? माझ्या कलमांका आता काय घालू?"

"काय्येक घालू नको. पाणी पण नको."

"मगे थंय शिकलंस काय?"

काय सांगू तिला? सरांची किळस आलीच, पण ते प्रमाणपत्र हातात धरून माझी मलाच जास्त आली. बाकीच्या बाया आपापल्या गावात आता काय सांगत असतील? तुम्ही माझ्या जागी असता तर खोटं लिहून पास झाला असता काय? खरं सांगा.