उरणचा सुकलेला माड आणि माझी साडेचार फुटांची चूक

उरणजवळच्या मोरा बंदराला जायचं ठरलं ते कुसुममुळे. इंटर सायन्सला ती माझ्या बाकावर बसायची. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई हे नाव अजून कुणाच्या तोंडी नव्हतं. "दोन दिवस चल घरी, अभ्यास तिथेच करू," म्हणाली. मी कंपासपेटी आणि लॉगची पुस्तिका पिशवीत टाकली.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच पकडली. तासाभरात मोरा. कुणाला जायचं असेल तर सकाळीच निघा, दुपारी वारा वाढतो. ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत येत नसे. लहान होडीत उतरून जावं लागे. मी चप्पल हातात घेऊन उतरले.

कुसुमच्या घरी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवले. मागच्या अंगणात तिचे बाबा आणि एक लाकूडतोड्या सुकलेल्या माडाकडे बघत उभे होते. झावळ्या गळून पडलेल्या, खोड पोखरलेलं, वर चढायला कुणी तयार नाही. पावसाआधी पाडायला हवा होता, नाहीतर घरावर आला असता. मोकळी बाजू एकच, आणि त्या बाजूला बाबांची नवी होडी बांधून होत आली होती. दोन वर्षांची मेहनत. हलवायची तर वीस माणसं हवीत, आणि गडी सगळे समुद्रावर.

"माड पोचत नाय होडीपर्यंत," लाकूडतोड्या म्हणाला.

"ही मोजंल," कुसुमने मला पुढे ढकललं.

होडी बुंध्यापासून पन्नास फुटांवर होती. मी चाळीस फुटांवर उभी राहिले, कोनमापकाला दोरा-दगड बांधून शेंड्याकडे पाहिलं. पन्नास अंश. पुस्तिकेत पन्नासचा टॅन एक पूर्णांक एकोणीस. चाळीसने गुणलं.

"अठ्ठेचाळीस फुटांच्या आत. होडी वाचते!"

बाबांनी मान डोलावली. दोर बांधले. कुऱ्हाडीचे घाव पडू लागले आणि मी खूश होऊन वहीत आकृती काढायला बसले. काटकोन बुंध्याशी काढला आणि पेन्सिल थांबली. मी कोन जमिनीवरून मोजलाच नव्हता, डोळ्यापासून मोजला होता. माझे डोळे जमिनीपासून साडेचार फूट वर. म्हणजे माड बावन्न फूट.

"थांबा! चुकलं माझं!" मी ओरडले. 

लाकूडतोड्या हसला. "आधी होय, आता नाय?"

बाबांनी मात्र कुऱ्हाड थांबवली. खोडाला दोन्हीकडून दोर ताणून ठेवले. भरतीबरोबर होड्या परतल्या, गडी आले, ओंडक्यांवरून होडी दहा फूट सरकवली. त्यात तीन तास गेले.

मग माड पडला. धूळ बसल्यावर बाबा चालत टोकापर्यंत गेले. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आधी जिथे टेकली होती, त्या खुणेच्या दीड हात पुढे खोडाचा शेंडा रुतला होता.

"बाय, चुकलं तवा बोललीस," ते एवढंच म्हणाले आणि दोर सोडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचने गिरगावात परतले. आईने विचारलं, काय पाहिलंस? समुद्र, म्हटलं. रात्री जेवणाआधी वही उघडली. वर्गात आम्ही काढायचो ते त्रिकोण रिकामे असायचे. मी नवी आकृती काढली, आणि कोनाच्या जागी साडेचार फुटांवर डोळे असलेली एक मुलगी उभी केली. पुढे शाळेत गणित शिकवू लागले, त्याला आता तीस वर्षं झाली. फळ्यावर त्रिकोण आखला की आधी मोजणारं माणूस काढते. मुलं हसतात. हसू दे.