तिसऱ्या घराचा मॉनिटर

“आधी पळू दे, मग बोलू.” बाईंचा हा सगळ्यांवर एकच उपाय. आमच्या नायगावच्या सोसायटीत मुलं भांडायला लागली की बाई दोन टाळ्या वाजवायच्या आणि सगळ्यांना पाण्याच्या टाकीला फेऱ्या मारायला लावायच्या. मुलं धापा टाकत परत यायची, तोवर भांडण कशावरून होतं हे कोणालाच आठवत नसे.

बाई मुंबईच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्तीनंतर माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला आल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगी बंगळुरूला. मला त्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. “अहो शेजारी” एवढंच.

समोरच्या विंगमध्ये एका कुटुंबाने मुलीच्या वाढदिवसाला एक पिल्लू आणलं होतं. काळंपांढरं, बॉर्डर कॉली जातीचं. मेंढ्या वळणारं कुत्रं ते. मोठं झाल्यावर दिवसभर बाल्कनीत बांधलेलं असायचं आणि स्वतःचीच शेपटी चावायचं. बाई आपल्या खिडकीतून बघत आणि अस्वस्थ होत. एक दिवस बाल्कनी रिकामी दिसली. वॉचमन म्हणाला, त्याला सातिवलीच्या प्राण्यांच्या आश्रयघरात सोडून आले.

“अहो शेजारी, गाडी काढता का?” महिनाभर त्या रिकाम्या बाल्कनीकडे बघून शेवटी बाईंनी विचारलं.

गोदामांच्या मागे पत्र्याची शेड होती. आश्रयघर चालवणाऱ्या ताई स्पष्टवक्त्या होत्या. “मधे एका घरी दिला होता, त्यांनीही परत आणला. बाई, हा तुमच्या वयाच्या माणसाला झेपायचा नाही. तुम्हाला शांत कुत्री हवी असेल तर ती बघा, कोपऱ्यातली.”

“शांत मुलं मला कधी आवडलीच नाहीत,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात तो सुटला आणि आमच्या तिघांभोवती असा गोल पळत सुटला की आम्ही नकळत एकमेकांना खेटून उभे राहिलो. बाई खदखदून हसल्या. “मॉनिटर आहे हो हा! वर्ग विस्कटलेला बघवत नाही याला.” नाव तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे बाई सायकलवर आणि मॉनिटर बाजूने पळतोय, हे दृश्य खाडीकडच्या रस्त्यावर दिसू लागलं. शिकवणी शाळेतल्या हुकमांवर. ‘सावधान’ म्हटलं की थांबायचं, ‘विश्राम’ म्हटलं की जमिनीला पोट टेकायचं. त्याची शेपटी चावायची सवय कधी सुटली ते कळलंही नाही. बाईंचा पाठीचा कणा मात्र आणखी ताठ झालेला मी पाहिला.

पण कामाची खोड कुठे जाणार? एका सकाळी त्याने फिरायला आलेल्या सगळ्या आजोबांना वळवून वॉचमनच्या केबिनपाशी गोळा केलं. त्यावर सगळे हसले. पुढच्या आठवड्यात बागेत एका मुलाच्या टाचेला तोंड लावलं, मुलगा पडला, गुडघा फुटला. मग कोणी हसलं नाही. सोसायटीची सभा बसली. कुत्रा घालवा, एवढाच विषय.

बाई उभ्या राहिल्या. “मुलगा पडला ही माझी चूक. मी मॉनिटरला मोकळं सोडायला नको होतं. यापुढे आवारात पट्टा राहील. पण दोन घरांनी त्याला दार दाखवलंय. तिसरं दाखवायला मी आणला नाही.”

“आणि पुन्हा कोणी पडलं तर?” सेक्रेटरींनी विचारलं.

“तर त्याच्याबरोबर मीही जाईन.”

बाई उगाच बोलत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. विषय तिथेच मिटला.

पट्ट्यातला मॉनिटर मात्र कोमेजायला लागला. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या चांदीप गावात शेळ्या होत्या. एका रविवारी आम्ही मॉनिटरला तिकडे नेलं. शेळ्या दिसताच हा जमिनीशी दबला, नजर रोखली आणि सुटला. शेळ्या उधळून वालाच्या शेतात! बाईंनी शाळेचं मैदान दणाणून सोडणारा आवाज काढला, “विश्राम!” मॉनिटर जागच्या जागी पडला. शेळ्या थबकल्या. शेतकरीही हातातली काठी टाकून उभा राहिला.

मग दर रविवार चांदीपचा. हळूहळू तो असा तयार झाला, की शेतकरी म्हणाला, “बाई, याला शेल्यांचं कोनी शिकवलं?”

“कोणीच नाही. तो शिकूनच आलाय. आपण फक्त पळू दिलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू शाळेचा संघ करंडक घेऊन आलाय.

एकदा परतताना त्या गाडीत मागच्या सीटवरच्या मॉनिटरला थोपटत होत्या. मग म्हणाल्या, “सोमवार ते शनिवार तो दाराकडे तोंड करून बसतो. रविवारची वाट बघण्यात आयुष्य घालवायचं का? तुम्हा नोकरदारांचं ठीक आहे हो. त्याने काय पाप केलंय?”

सातिवलीच्या ताईंना घेऊन आम्ही पुन्हा चांदीपला गेलो. ताईंनी मॉनिटरची राहायची जागा पाहिली, त्याचं काम पाहिलं आणि मान डोलावली. शेतकऱ्याने हळूच विचारलं, “बाई, तुमाला करमंल?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि पट्टा त्याच्या हातात दिला.

सोसायटीत कुजबूज झालीच. शेवटी दिलाच ना! बाईंनी लिफ्टमध्येच एकाला ऐकवलं, “दिला नाही. नोकरीला लागला. तुमच्या चिरंजीवांचं काय चाललंय?”

पुढे गुडघे फार दुखायला लागले तशी मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. आता शेजारच्या दारावर दुसरी पाटी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना चांदीपला नेलं होतं. बाई बांधावर उभ्या राहिल्या. लांबून मॉनिटरने त्यांना ओळखलं आणि बाणासारखा निघाला. बाईंनी दोन्ही हात पसरले. तेवढ्यात मागे एक करडू कळपातून फुटून रस्त्याकडे धावलं. तो अर्ध्या वाटेत थबकला. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा करडाकडे. आणि वळला.

बाईंचे हात तसेच पसरलेले होते. डोळे वाहत होते, आणि त्या मला ओरडून सांगत होत्या, “बघितलंत? अहो, बघितलंत ना? माझ्यासाठीसुद्धा थांबला नाही!”