शेवटच्या पंगतीला बसणारा

अन्नदानासारखं पुण्य नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा बहुधा जेवायला बसलेला असतो. आमच्या भूगावच्या सोसायटीत हे पुण्य एकटा वाढपी मिळवायचा. लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा मुलगा. सत्यनारायण असो की गणपतीचा महाप्रसाद, हा बाह्या सरसावून, बादली घेऊन उभा. त्याचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होतं.

आग्रह असा करायचा की नको म्हणणं उद्धटपणा वाटावा. "घ्या की काका अजून एक जिलबी. साखर वाढली तर गोळी वाढवा." तू कधी बसणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शेवटच्या पंगतीला." ती पंगत आमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही. तोवर आम्ही वर जाऊन आडवे झालेलो असायचो. दर सणाला त्याचा सदरा अंगावर सैल होत गेला, आणि बायका "बघा, किती फिट राहतो" म्हणून नवऱ्यांना टोमणे मारत राहिल्या.

एका सकाळी तो लिफ्टमध्ये कोसळला. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात मी सोबत गेलो. अन्न न जाणं हाही आजार असतो, त्यावर उपचार असतात आणि उपचारांना रांग असते, हे तिथे कळलं. रांग काही महिन्यांची होती. तोवर आधार म्हणून मोबाइलवर एक ॲप मिळालं. त्या ॲपच्या उद्घाटनाचा, समई आणि पाहुण्यांसकट, फोटो भिंतीवर होता.

परतताना वाढपी म्हणाला, "काका, या खेपेला बरं व्हायचंय. आईसोबत एकदा एका ताटात जेवायचंय."

ॲप दिवसातून तीनदा विचारायचं, "जेवलात का?" हा लगेच "हो" दाबायचा. पडद्यावर एक हिरवं पान उगवायचं.

"अरे, त्याला कशाला खोटं सांगतोस?"

"जेवलास का म्हटल्यावर नाही म्हणायचं असतं का, काका? लहानपणी लोकांच्या घरी तसं म्हटलं की आई चिमटा काढायची."

खरंच होतं. आपल्याकडे उपाशी पाहुणाही 'आत्ताच झालं' म्हणतो, आणि यजमानाने त्यावर विश्वास न ठेवता ताट वाढायचं असतं. ॲपला विचारणं शिकवलं होतं, ताट वाढणं नाही.

पानांचं झाड झालं. मग संदेश आला: आपली प्रगती समाधानकारक असल्याने अधिक गरजू रुग्णांना प्राधान्य देत आहोत. त्याचा नंबर मागे गेला.

मी भांडायला गेलो. काउंटरवरच्या बाई अतिशय सौम्य होत्या. "सर, आम्ही डेटावर चालतो."

"त्याला एकदा समोर बसवून बघा की."

"त्यासाठीच तर रांग आहे, सर."

दसऱ्याआधी वाढपी गेला. हृदय थांबलं, असं कागदावर आहे. मोबाइलवरचं झाड तेव्हा ऐन बहरात होतं. रांगही एका माणसाने कमी झाली, आणि ती कमी झाल्याचं श्रेय कुठल्या तरी भाषणात ॲपला मिळेलच.

सोसायटीने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी त्याला 'अन्नदाता' म्हटलं. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या त्याच्या आईने आम्हाला एवढंच विचारलं, "इथं नीट जेवायचा का हो?"

आम्ही सगळे हो म्हणालो.

सभेनंतर जेवण होतं. वाढायला कुणी उठेना, म्हणून बुफे लावला.