कुंकू लागलेल्या तबकड्या

हान्नाबाईंच्या दारात अन्याय आला तो त्रेचाळीस सालच्या खंडेनवमीला, सकाळी, साताऱ्यात. करणारं सरकार गेलं. भरपाई मात्र तुमच्या माळ्यांवर धूळ खात पडली आहे. म्हणून हे साताऱ्यात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखे तिथून पांगले त्यांनाही या वर्तमानपत्रातून लिहितो आहे.

त्याच उन्हाळ्यात मी आष्टा सोडलं. चळवळीची पत्रकं वाटताना सापडता सापडता वाचलो, तेव्हा वडील म्हणाले, "वाटायचीच हायत तर छापायला तरी शिक." साताऱ्यातल्या एका छापखान्यात त्यांच्या पलटणीतली ओळख होती. सर्व्हिस मोटारीच्या टपावर ट्रंक चढवायच्या आधी आईनं तिच्यावर कुंकवाचं बोट ओढलं. मी म्हणालो, मी हे मानत नाही. आई म्हणाली, "तुला कुटं लावलंय? ट्रंकंला लावलंय. तिला तुझी मतं न्हाईत." सगळी मोटार हसली, आणि तेवढ्यात ती सुटली.

छापखान्यामागं माझी खोली, भिंतीपलीकडे हान्नाबाईंची. पियानो वाजवणारी नामांकित बाई. यहुदी म्हणून तिच्या देशातल्या राज्यकर्त्यांनी तिला देशोधडीला लावलं. जीव वाचवून हिंदुस्थानात आली, तर लढाई सुरू होताच इथल्या गोऱ्या सरकारनं शत्रूच्या देशातली म्हणून साताऱ्यात आणून स्थानबद्ध केली. त्यांनी म्हणायचं तू आमची नाहीस, यांनी म्हणायचं तू त्यांची आहेस. याला हे कायदा म्हणत.

पियानो मागंच राहिला. सोबत होता चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची एक पेटी. तिनं स्वतः वाजवलेलं, या शतकातलं, संगीतकारांच्या हातची शाई वाळायच्या आत वाजवलेलं. तिकडे ते संगीत घाण ठरवून तबकड्यांचे साचेच फोडले होते. तिच्या माहितीत उरल्या त्या एवढ्याच प्रती.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी छापखान्याच्या मालकीणबाईंना, आक्कांना, म्हणालो, बाई सूर जुळवायला बसलीय वाटतं. आक्का म्हणाल्या, "गप ऐक की. जुळल्यालं लय ऐकलंय." मग रोज ऐकू लागलो. आणि एके दिवशी ते उमगलं. जणू छपाईचं ट्रेडल मशीन पुऱ्या वेगात आहे आणि त्याच्यावरून कुणीतरी हसत पळतंय, पडत नाही. मी खिळे जुळवायचे सोडून भिंतीला कान लावून उभा.

मग हुकूम निघाला: स्थानबद्धांच्या तबकड्या जमा करा. तबकड्या लाखेच्या, आणि लढाईला लाख हवी. म्हणजे फोडायच्या आणि वितळवायच्या. हवालदार आला तो नेमका खंडेनवमीला.

तोवर आक्कांनी छापखान्यातलं मशीन पुजलं होतं आणि तेच ताट घेऊन त्या पलीकडे गेल्या होत्या. बाईचं हत्यार हेच की, असं म्हणत त्यांनी एकेका तबकडीला ओलं हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. ओलं कुंकू तबकडीच्या रेघांत गेलं म्हणजे काय होतं हे आक्कांना ठाऊक नव्हतं. हान्नाबाईंना होतं. त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

हवालदारानं उंबऱ्याबाहेर जोडे काढले. "आवं आक्का, पूजा मांडलीया व्हय?"

"मग? तुमच्या बंदुकीची न्हाई मांडली?"

"मांडलीया की."

"आन ती आज उचलशीला?"

हवालदारानं पुन्हा जोडे घातले. "पूजंतलं हत्यार म्या न्हाई हलवत. उद्या सोनं लुटलं की येतो. सायबाला काय सांगायचं ते माझं मी बगतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेठेतल्या बायका हान्नाबाईंना सोनं द्यायला आल्या. प्रत्येकीच्या ताटात आपट्याच्या पानांचा ढीग. "सोनं घ्या बाई, सोन्यावानी ऱ्हावा." येताना ताट एका हातात, जाताना दोन्ही हातांत. हवालदार दारातच उभा, ज्याला त्याला रामराम घालतोय. गर्दी सरल्यावर त्यानं पेटी उघडली. आत पानं. "पेटी भरून सोनं हाय की बाईकडं," म्हणाला, दोन पानं पगडीत खोचली आणि गेला.

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. आठवड्याच्या आत हान्नाबाईंना दुसऱ्या छावणीत हलवलं. कुणाच्या घरी काय आहे ते विचारायलाही सवड दिली नाही.

आज हान्नाबाई समुद्रापलीकडच्या एका देशात मुलांना शिकवतात. छावणीच्या ओलीत बोटं आखडली, आता वाजवता येत नाही. त्यांचं वाजवणं उरलंय ते फक्त तुमच्या घरांत.

मी मुंबईत आलो. छापखाना मोठा, पाळी रात्रीची, खानावळीत भाकरी पातळ. गेल्या महिन्यात आक्कांची लेक आली, लुगड्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन. शेजारच्या फिटरचा ग्रामोफोन मागून आणला. कुंकवावर सुई चढली की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि त्यातून तिचे दोन्ही हात मोकाट सुटतात. चाळ दारात जमली. फिटर म्हणाला, "गड्या, ही बाई श्वास कवा घेती?" पुन्हा लावली. पुन्हा. माझ्या हातातला चहा गार झाला आणि मी चक्क नाचलो, हे छापून टाका.

ट्रंकेवरचं आईचं बोट आता नुसता तांबूस डाग आहे. गाव कुठलं असं मुंबईत कुणी विचारलं, की मी पूर्वी आष्टा सांगायचो. आता साताऱ्याची ती पेठही सांगतो. न कळणारी वस्तू दुसऱ्याची म्हणून जी माणसं जपतात, त्यांच्यात माझं घर आहे. हे खरं की मीच मनाचे मांडे खातोय, ते तुम्ही ठरवणार आहात.

तेव्हा उठा. माळा बघा, फडताळ बघा, रांजणावरचं झाकण उचलून बघा. काळी, गोल, मधे भोक, तीच ती. दसऱ्याच्या आत आक्कांच्या दारात आणून द्या. तिथून बोटीवर घालायचं काम माझं. आणि पुसायला जाऊ नका. कुंकवासकट आणा.