गंगव्वाचा ब्रश

गंगव्वाला वास येत नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. कबूल नव्हतं ते फक्त गंगव्वाला.

गडहिंग्लजकडून लग्न होऊन उत्तरेश्वर पेठेत आली, तेव्हापासून ही बाई स्वयंपाकघरातच. आधी शेणी-लाकडं, मग रॉकेलचा स्टो, मग गॅस. नवरा शंकरप्पा लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिवकुमार कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात शिफ्टवर जातो, सून रक्षिता घर बघते. मी बनाबाई, भिंतीपलीकडची. आमच्या दोन घरांत मीठ संपलं तर कुणी दुकानात जात नाही.

गेल्या साली तापात गंगव्वाचं नाक गेलं. रक्षिताला ते कळलं दूध करपलं तेव्हा. घरभर वास, आणि ही शेगडीशेजारीच वाटाणा सोलत बसलेली. विचारलं तर म्हणाली, सर्दी हाय. त्या दिवसापासून रक्षिता लायटर स्वतःच्या कपाटात ठेवू लागली. भांडण नाही, तंडण नाही, नुसतं लायटर उचललं. एकटी असताना घर पेटलं तर काय करायचं, हे तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण जन्मभर रांधलेल्या बाईला भाजी निवडत बसवायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. मला राग यायचा, आणि काढावा कुणावर ते कळायचं नाही.

गंगव्वाकडं शेगडीजवळची दोनच कामं उरली. नवा सिलिंडर आला की त्याला हळद-कुंकू लावून अक्षता टाकायच्या. आणि रेग्युलेटर बसला की शंकरप्पाच्या दाढीच्या जुन्या ब्रशानं त्याला साबणाचं पाणी लावायचं. फेस गप बसून राहिला तर ठीक, बुडबुडे फुगायला लागले तर गॅस गळतोय. हे कधीपासून करता म्हटलं तर म्हणायची, पहिल्यापासनं. साफ खोटं. नाक गेल्यापासून करत होती. भीत होती बिचारी, पण तोंडानं बोलेल तर शपथ.

उन्हाळ्यात त्यांनी वर्षाची चटणी काढली. मी मदतीला गेले. मिरच्या भाजता भाजता मध्येच सिलिंडर संपला. घरभर ठसका, सगळ्यांचे डोळे लाल. शिवकुमारनं दुसरा सिलिंडर आणून ठेवला, त्याचं झाकण काढलं. त्याला कामाला जायची घाई, म्हणून गंगव्वानंही गडबडीत हळद-कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या. त्यानं रेग्युलेटर बसवला, चालू केला आणि गाडीला किक मारून गेला.

रक्षितानं लायटर हातात घेतलं, तर गंगव्वा ब्रश घेऊन आडवी. रक्षिता सासूला कानडी पद्धतीनं अत्ती म्हणते. अत्ती, कसला वास येत न्हाई, सरा बाजूला, म्हणाली. मीही तिचीच री ओढली. एवढी नाकं हायत की घरात, म्हटलं. नाकं होती, पण मिरचीनं गच्च भरलेली. आमच्या टाळक्यात ते कुठलं यायला.

गंगव्वा ऐकतीय होय. वाकली आणि ब्रश फिरवला. रेग्युलेटरच्या बुडाशी बुडबुडे यायला लागले, दूध उतू जायच्या आधी येतात तसे.

"लायटर खाली ठेव," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. स्वतः हात घालून रेग्युलेटरची खुटी बंद केली. मला खोकला आवरेना, मी सवयीनं पंख्याकडं हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बने, बटणाला हात लावू नको. ठिणगी पडती."

मग तिनं दारं-खिडक्या उघडायला लावल्या. रेग्युलेटर काढून सिलिंडरला झाकण बसवलं आणि मी आणि रक्षितानं तो अंगणात नेला. रस्त्यावर जाऊन रक्षितानं एजन्सीला फोन केला.

एजन्सीचा माणूस आला. अंगणातच झाकण काढून त्यानं आत पाहिलं आणि आम्हाला दाखवलं. वायसरवर, म्हणजे आतल्या रबरी चकतीवर, तांदळाचा दाणा अडकला होता, हळदीनं पिवळा झालेला. त्याच्यामुळं रेग्युलेटर नीट बसलाच नव्हता. त्यानं वायसर बदलला, पुन्हा साबणाचं पाणी लावून खात्री केली आणि गेला.

त्या घरात अक्षता एकच बाई टाकते.

"माझाच हाय दाणा," गंगव्वा म्हणाली, आणि आत जाऊन मेथी निवडत बसली. आता हिला शेगडीजवळ कोण उभं करतंय, असं मला वाटलं.

पुढचा सिलिंडर आला त्या दिवशी मी तिथंच होते. रक्षितानं ताट आणलं, त्यात हळद-कुंकू होतं, अक्षता नव्हत्या. सिलिंडरच्या पोटाला लावा, तोंडाला नको, एवढंच म्हणाली. गंगव्वानं तसंच लावलं. रेग्युलेटर बसल्यावर ब्रश फिरवून बराच वेळ बघत राहिली. फेस तसाच होता. मग ती नेहमीसारखी मागं सरली, तर रक्षितानं लायटर तिच्यापुढं धरलं.

"अत्ती, तुमीच लावा. मी हाय इथं."

गंगव्वानं चहाचं आधण ठेवलं. आलं किसून घातलं आणि जुन्या सवयीनं पातेल्यावर वाकली. वाकून तशीच राहिली. मग मागं न बघता म्हणाली, "रक्षिता, वास बघ गं. मला येत न्हाई."

रक्षितानं वास घेतला आणि अजून थोडं आलं किसलं. मला रडू आलं.