कॅबिनेटमधल्या वाऱ्याची वाट

माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली. मी घड्याळ पाहिलं. मशीन सुरू करून जेमतेम अर्धा तास झाला होता.

पलंगावरून म्हातारीचा आवाज आला, "मेलं का वं पुन्हा?"

"हो, आई," वनिताताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची वही ओढली आणि वेळ लिहून ठेवली.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. कारण ही मशीन मी आदल्याच दिवशी, "आता काही होत नाही, बिनधास्त चालवा," असं सांगून माझ्या दुकानातून परत दिली होती.

भिलाईत नेहरू नगरला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. वीस वर्षं हेच काम करतो. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, वनिताताईंचंही तिकडचंच, म्हणून ओळख. त्या भिलाईतच रिसालीत राहतात. पूर्वी एका फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन होत्या. म्हणजे कारखान्याचे शेड, पाइप, हवा नेणारे पत्र्याचे डक्ट यांचे नकाशे काढायच्या. सासूबाई पडून कमरेत अधू झाल्या, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. नवरा रेल्वेत, ड्यूटीवर गेला की दोन-दोन दिवस बाहेर. म्हातारीला एकटं ठेवता येत नाही. म्हणून ताई घरीच ठेकेदारांची ड्रॉइंग करू लागल्या.

त्यासाठी कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला. एकेक पार्ट मागवून, व्हिडिओ पाहून. मी पहिल्यांदा कव्हर उघडलं तेव्हा बघतच राहिलो. सगळ्या वायरी मागून वळवलेल्या, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, कुठली कशाची ते लिहिलेलं. दुकानात आम्हीही एवढं नीट करत नाही.

तक्रार एकच होती. मे महिना लागला आणि मोठं थ्रीडी ड्रॉइंग उघडलं की पन्नासेक मिनिटांत मशीन बंद पडायची. कारण उघड होतं. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, जास्त तापला की आधी काम हळू करतो. तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीनच बंद होते.

मी मशीन दुकानात नेली. धूळ काढली. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. ही पेस्ट प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या थंड करणाऱ्या कूलरपर्यंत पोचवते. टेबलावर ठेवून मशीन दिवसभर चालवली. एकदाही बंद पडली नाही. तरी खात्रीसाठी समोर दोन नवे फॅन लावले, मागचा जुना काढून तिथेही नवा बसवला. आणि घरी पोचवली.

आता ती पन्नासऐवजी तीस मिनिटांतच बंद पडत होती.

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. ताईंनी स्पीकरवर घेतला.

"मैडम, सोमवार को ड्रॉइंग चाहिए. नहीं होगा तो अभी बता दो, रायपुर में दूसरा आदमी तैयार है."

"सोमवार को मिल जाएगा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी शनिवार होता.

मी म्हणालो, "ताई, मशीन पुन्हा दुकानात नेतो. आणखी एक फॅन लावू."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "भाऊ, आधी हे पाहा."

वहीत रकाने आखलेले होते. किती वाजता सुरू केली, काय काम चालू होतं, खोलीतला कूलर चालू की बंद, किती मिनिटांनी बंद पडली. गेल्या बारा दिवसांची नोंद होती. वीस वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. लोक सांगतात, "भैया, कभी भी बंद हो जाता है." त्यापुढे काही विचारलं तर चिडतात.

"नवे फॅन लावल्यावर वीस मिनिटं कमी झाली," त्या म्हणाल्या. "म्हणजे फॅन कमी आहेत असं नाही. हवा भलतीकडं जाऊन राहिली. एक सांगा, दुकानात तुम्ही मशीन कव्हर लावून चालवली का उघडी?"

"उघडी."

"मग तर ती चालणारच."

 

त्या उठल्या, मला मशीन पुन्हा सुरू करायला सांगून देवघरातून अगरबत्ती पेटवून घेऊन आल्या.

"आता त्याची पूजा करून राहिली का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई. हवा दिसत नाही, धूर दिसते."

मशीन टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात होती, तीन बाजूंनी बंद. ताईंनी आधी पुढून अगरबत्ती धरली. पुढचे फॅन हवा आत ओढतात, म्हणजे धूर आत जायला हवा. पण कॅबिनेटच्या, म्हणजे मशीनच्या डब्याच्या, तोंडावर चकचकीत काच होती, दिसायला छान. धूर काचेवर आपटून वर निघून गेला. कडेच्या फटीतून थोडासाच आत गेला.

मग त्या वाकल्या आणि कप्प्यात बाजूने हात घालून अगरबत्ती मागच्या फॅनजवळ नेली. मागचा फॅन गरम हवा बाहेर फेकतो. धूर लांब उडायला हवा होता. तो सरळ आत ओढला गेला.

मला लगेच कळलं. त्यांनाही कळलं असणार. त्यांनी अगरबत्ती काढून पुन्हा धरली. पुन्हा आत.

"हा फॅन उलटा आहे, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या.

फॅनची एक बाजू मोकळी असते, दुसऱ्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात. मोकळ्या बाजूने हवा आत शिरते, पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. समोरचे दोन फॅन मोकळी बाजू बाहेर ठेवून बसवले, ते बरोबर होतं. त्याच हाताने मागचाही तसाच ठोकून दिला. म्हणजे समोरूनही हवा आत आणि मागूनही आत. मागची हवा तर कप्प्यात कोंडलेली, आधीच तापलेली.

त्यांनी "तुम्ही उलटा लावला" असं म्हटलं नाही. ते मला अजून आठवतं.

मी मशीन बंद करून बाहेर ओढली, चार स्क्रू काढून फॅन फिरवला आणि पुन्हा कप्प्यात ठेवून सुरू केली. आता धूर मागे जोरात उडाला. मी सुस्कारा सोडला. पण ताई तिथेच बसून होत्या.

"इकडं या. धूर कुठं चालला पाहा."

मागे उडालेला धूर कप्प्याच्या फळीवर आपटत होता, कॅबिनेटच्या बाजूने सरकत पुढे येत होता आणि पुढच्या फटीतून परत आत शिरत होता.

"जी गरम हवा बाहेर टाकली, तीच पुन्हा खाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "डक्टच्या ड्रॉइंगमध्ये हे पहिलं शिकवतात. हवा ओढायचं तोंड आणि फेकायचं तोंड जवळ ठेवायचं नाही. दहा वर्षं मी कारखान्यांचे डक्ट काढले आणि घरी स्वतःची मशीन पेटीत घालून बसली!"

आणि त्या हसल्या. तेव्हा मीही हसलो.

म्हणजे मशीन कप्प्यातून काढायची. पण ठेवायची कुठे? एका खिडकीत मोठा कूलर, त्याचा ओला वारा मशीनवर सरळ नको. एका भिंतीला कपाट. राहिली फक्त दाराजवळची जागा. हवा खेळती, भिंतीपासून हातभर अंतर. पण तिथे सासूबाईंच्या पलंगाचं उशाचं टोक होतं. तिथून त्यांना गल्ली दिसायची. दिवसभर त्यांची तेवढीच करमणूक होती.

ताई हळूच म्हणाल्या, "ती जागा नको. दुसरं काही पाहू."

म्हातारीचे कान तिखट. "कावून नको? सरकवा माही खाट."

"आई, तुमाले मग रस्ता दिसणार नाही."

"पाच वरीस पाहून राहिली तो रस्ता. तोच दूधवाला, तेच कुत्रे. मले इकडून तू दिसशीन, तेवढं पुरे. ऊठ, धर त्या भाऊले हाताशी."

आम्ही दोघांनी म्हातारीसकट पलंग सरकवला. ती वरून सूचना देत होती, "हळू! भिंतीले लागते!" ताई पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पदराने चेहरा पुसला. घाम होता की आणखी काही, मी विचारलं नाही.

मशीन एका बुटक्या स्टुलावर ठेवली. राहिली ती पुढची काच. मी म्हणालो, "काढून टाकू." ताई म्हणाल्या, "आणि धूळ?" बरोबर होतं. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. त्यांनी खिडकीला लावून उरलेली मच्छरजाळी आणली, पट्टीने मोजली, कात्रीने कापली आणि काचेच्या जागी चिकटपट्टीने तोंडावर ताणून बसवली. मी फक्त टोकं धरली. वीस वर्षांचा अनुभव, आणि काम टोकं धरायचं. पण वाईट वाटलं नाही.

मग कव्हर लावून, त्यांचंच सगळ्यात मोठं ड्रॉइंग उघडून मशीन चालवली. प्रोसेसरचं तापमान स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होतं. सकाळी ते शंभर अंशांच्या जवळ जाऊन मशीन बंद पडली होती. आता अठ्ठ्याहत्तरपर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. तीस मिनिटं गेली. पन्नास गेली. मी दोनदा ताक प्यायलो. दोन तासांनंतर म्हातारीने विचारलं, "आज मरत नाई का वं ते?"

"नाही, आई."

"मग जेवा आता."

ताईंनी ड्रॉइंग रविवारी पूर्ण केलं, सोमवारी सकाळी पाठवलं. दुपारी त्यांचा मला फोन आला. ठेकेदाराने पुढच्या शेडचं कामही त्यांनाच दिलं होतं. त्यांच्या आवाजात फारसा उत्साह वगैरे नव्हता. "भाऊ, जाळी पंधरा दिवसांनी धुवायची का महिन्यानं?" हेच विचारायला फोन केला होता.

मी इतकी वर्षं मशीन गरम होते म्हटलं की फॅन वाढवत आलो. हवेला आत यायला वाट आहे का, बाहेर जायला आहे का, आणि बाहेर गेलेली हवा परत तर येत नाही ना, हे कधी बसून पाहिलं नव्हतं. ताईंनी पाहिलं. हातात पाना नव्हता, मीटर नव्हता. एक वही होती आणि दिसतं ते मानायची तयारी होती, मग ते माझ्यासारख्या जुन्या मेकॅनिकच्या विरुद्ध का असेना.

आता कुणाची मशीन तापते म्हणून फोन आला की मी "दुकानात आणा" म्हणत नाही. घरी जातो. ती कुठे ठेवली आहे ते आधी बघतो. निम्म्या वेळा स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढावाच लागत नाही.